विचित्र दिसणारं नाणं: टांकसाळीची चूक की नंतर झालेली इजा?

ठसा_आणि_चकती

या विभागात "हे दुर्मिळ आहे का?" असं विचारणारे फोटो सतत येतात आणि बहुतेकांना तेच उत्तर पुन्हा पुन्हा टंकावं लागतं. ते उत्तर कसं काढायचं हे एका जागी असावं म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी, चुकलं असेल तिथे खोडून काढावं.

आधी नाणं कसं बनतं ते थोडक्यात, कारण त्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही. धातूच्या लांब पट्टीतून पंचाने गोल चकत्या कापतात. त्या भट्टीत तापवून मऊ करतात. मग एका यंत्रात चकतीचा घेर दाबून तिची किनार उचलून घेतात. शेवटी ती प्रेसमध्ये जाते. वर एक ठसा, खाली एक ठसा आणि भोवती कॉलर, म्हणजे पोलादी कडं. दाब पडला की धातू ठशांच्या खोलगट भागात शिरतो आणि बाहेर पसरू पाहणाऱ्या धातूला कॉलर अडवते. दातेरी कडेचे दातेही या कॉलरमुळेच येतात.

म्हणून खऱ्या चुका तीनच घरांतल्या: चकतीच्या, ठशाच्या, नाहीतर छापताना झालेल्या. नाण्यावर जे दिसतंय ते यातल्या कुठल्या पायरीवर घडू शकतं हे सांगता येत नसेल, तर ते प्रेसमधून बाहेर पडल्यावर घडलंय असं धरून चाला.

मी स्वतःला पहिला प्रश्न विचारतो तो असा: धातू गेला कुठे? नाण्यावर खड्डा असेल तर त्या जागचा धातू निघून गेलाय, बाजूला ढकलला गेलाय, की तिथे आलाच नव्हता? नंतर पडलेल्या ओरखड्याच्या काठावर ढकललेल्या धातूची बारीक वरंबी असते. नखाला लागते, भिंगाखाली चकाकते. छापताना ठसा आणि चकतीच्या मध्ये तार, धागा किंवा धातूचा कीस अडकला असेल तर खोलगट खूण राहते, पण काठाला वरंबी नसते आणि खड्ड्याच्या तळाला त्या वस्तूचा पोत उमटलेला असतो.

हत्यारं फार लागत नाहीत. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा, डिजिटल कॅलिपर, १०× भिंग, एक छोटं नियोडायमियम चुंबक आणि हलवता येईल असा दिवा. ४०×च्या वर गेलात की प्रत्येक नाणं विचित्र दिसायला लागतं, तेव्हा तो मोह टाळा.

---

कडेकडेने

उत्तम सुरुवात. शब्दांचं एक ठरवून घेऊ, नाहीतर गोंधळ होतो. 'किनार' म्हणजे चेहऱ्याभोवतीची उंच गोल पट्टी. 'कड' म्हणजे नाण्याच्या जाडीची बाजू. लोक छाप्या-काट्याचे दहा फोटो टाकतात आणि कडेचा एकही नाही. निम्मे निकाल कडेवर लागतात.

चावा घेतल्यासारख्या अर्धगोल कापलेल्या नाण्याचंच बघा. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही आणि पंच आधीच्या भोकावर थोडा चढला, तर चकतीचा तेवढा तुकडा आधीच गेलेला असतो. ही खरी चूक. तीच गोष्ट कोणी घरी कानस किंवा पंच वापरूनही करू शकतो. ओळखायचं असं:

खऱ्या कापात त्या जागेजवळची अक्षरं कापाकडे ओढली गेलेली, पसरट आणि मऊ दिसतात, कारण छापताना धातूला तिकडे मोकळी जागा मिळाली. नकली कापात अक्षर सुरीने तोडल्यासारखं मध्येच थांबतं. छापून झाल्यावर कापलेल्या अक्षराला पसरायला काही कारणच नसतं.

दुसरं, कापाच्या बरोबर समोरची किनार बघा. ती बऱ्याचदा बारीक किंवा गायब असते. किनार उचलणाऱ्या यंत्रात चकती दोन बाजूंनी दाबली जाते. कापाच्या जागी आधार नसला की समोरच्या बाजूलाही दाब बसत नाही. याला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. तो प्रत्येक खऱ्या कापात दिसेलच असं नाही, पण ठळक दिसला तर पारडं खऱ्याकडे झुकतं.

तिसरं, कापाची वक्रता साधारण पूर्ण चकतीच्या गोलाईइतकी हवी, कारण कापणारा पंच त्याच मापाचा असतो. छोट्या गोल कानशीने केलेला खड्डा इथेच पकडला जातो. सरळ रेषेतला कापही खरा असू शकतो. पट्टीच्या टोकाला पंच पडला तर तसा येतो.

---

नवा_संग्राहक

माझ्याकडच्या नाण्यावर चेहऱ्याच्या गालावर दुसऱ्या नाण्याची अक्षरं उमटली आहेत. उलटी, आरशातल्यासारखी, आणि आत दबलेली. ही दोनदा छापल्याची चूक धरायची का? दुसरी बाजू जराशी चपटी वाटते.

---

ठसा_आणि_चकती

नाही. ही शेगड्यात (व्हाइसमध्ये) दाबलेली जोडी आहे. दोन नाणी एकमेकांवर ठेवून शेगडा आवळला किंवा हातोडा मारला की हेच होतं.

कारण सांगतो. ठशावर नक्षी उलटी आणि खोलगट असते, म्हणून नाण्यावर ती सुलटी आणि उठावाची येते. दोनदा छापलेल्या नाण्यावर दुसरी नक्षीही सुलटी आणि उठावाचीच हवी. तुमच्याकडे अक्षरं उलटी आणि दबलेली आहेत, म्हणजे ती ठशाने नाही, तयार नाण्याने उमटवली आहेत.

आता तयार नाण्याने उमटवलेली खरी चूकही असते, तिला ब्रॉकेज म्हणतात. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहतं आणि पुढची चकती त्याच्यावर छापली जाते. पण तिथे त्या बाजूवर स्वतःची उठावाची नक्षी नसते, त्या जागी पूर्ण उलटी, दबलेली नक्षी असते, बऱ्याचदा फुगून मोठी झालेली. दुसरी बाजू मात्र नीट छापलेली असते. तुमच्या नाण्यावर गाल आहे, त्या गालावर अक्षरं दबली आहेत आणि मागची बाजू चपटी झाली आहे. चेहरा आधी छापला गेला, अक्षरं नंतर आली. मागची बाजू शेगड्याच्या जबड्याने चेपली.

---

भिंगवाला

याच्याशीच गल्लत होणारा तिसरा प्रकार, ठशांची टक्कर. मध्ये चकती आलीच नाही आणि दोन ठसे एकमेकांवर आदळले, तर एकाच्या नक्षीच्या बाह्यरेषा दुसऱ्यावर उमटतात आणि पुढच्या नाण्यांवर फिकट दिसत राहतात. त्या फक्त मोकळ्या जागेत दिसतात, चेहऱ्यावरून जात नाहीत. ठशात चेहऱ्याचा भाग खोल असतो, त्यामुळे टक्कर तिथे पोचतच नाही. नवा_संग्राहक, तुमची अक्षरं नेमकी गालावर आहेत, त्यामुळे हाही पर्याय बाद.

आता दुहेरी अक्षरांबद्दल, कारण सगळ्यात जास्त आशा आणि सगळ्यात जास्त निराशा तिथेच आहे.

खरा 'डबल डाय' म्हणजे ठसा तयार होतानाच चुकला. पूर्वी मूळ हबचा, म्हणजे ज्याच्यावरून ठसा उमटवतात त्या उठावाच्या नमुन्याचा, दाब ठशावर एकाहून जास्त वेळा द्यावा लागे. दोन दाबांच्या मध्ये ठसा किंचित फिरला तर दोन नक्ष्या कोरल्या जात. अमेरिकेचा १९५५चा एक सेंट याचं प्रसिद्ध उदाहरण, त्यातलं वर्ष आणि अक्षरं साध्या डोळ्यांनाही दोन-दोन दिसतात. अशा नाण्यात दोन्ही प्रतिमा गोलसर, भरीव असतात. अक्षर मूळपेक्षा जाड दिसतं आणि त्याच्या कोपऱ्यांवर फाटा किंवा खाच पडलेली दिसते.

यांत्रिक दुहेरीपण वेगळं. छापून झाल्यावर सैल ठसा उसळून घसरतो आणि नुकत्याच उठलेल्या अक्षराचा काठ चेपत जातो. तिथे पायरीसारखा चपटा, खालच्या पातळीवरचा, चकचकीत काप दिसतो. मूळ अक्षर जाड होत नाही, बारीक होतं, कारण पायरी त्याच्याच धातूतून निघालेली असते. याला किंमत नाही.

तिसरं, झिजलेला ठसा. अक्षरांभोवती, विशेषतः किनारीकडे, धुरकट फुगवटा येतो आणि मोकळी जागा खरबरीत होते. यालाही किंमत नाही.

चौथं, जस्तावर तांब्याचा पातळ मुलामा असलेली नाणी. छापताना मुलामा ताणून अक्षराच्या कुशीत फाटतो, आतलं जस्त करड्या रेषेसारखं दिसतं आणि फोटोत अगदी सावली पडल्यासारखं दुहेरी वाटतं.

दिव्याची चाचणी करा. नाणं हलवू नका, दिवा चौथाई फेरी फिरवा. दुसरी प्रतिमा दिव्याबरोबर सरकली तर तो प्रकाशाचा खेळ.

---

अर्धा_ग्रॅम

वजनाबद्दल कोणी फार लिहिलं नाही म्हणून लिहितो.

आधी त्या नाण्याचं अधिकृत वजन, व्यास आणि मुभा, म्हणजे चालवून घेतला जाणारा फरक, शोधा. उदाहरणार्थ अमेरिकी क्वार्टर (२५ सेंटचं नाणं) ५.६७ ग्रॅम, मुभा ०.२२७ ग्रॅम कमी किंवा जास्त. म्हणजे ५.५० ग्रॅम भरलं तर तो 'पातळ चकतीचा' नमुना नाही, साधं नाणं आहे. ही मुभा न बघता दर महिन्याला कोणीतरी शोध लावतो.

वजन कमी भरलं तर पुढे व्यास मोजा. खरोखर पातळ चकती कॉलरमध्ये छापली की व्यास पूर्ण भरतो, झळाळी शाबूत असते, फक्त उठाव कमकुवत आणि किनार नीट न भरलेली. आम्लात बुडवलेल्या नाण्याचा धातू सगळीकडून खाल्ला जातो. जाडी कमी, व्यासही कमी, अक्षरं बारीक आणि काठ गोलावलेले, कडेचे दाते पुसट, पृष्ठभाग दाणेदार. आम्ल एकाच बाजूला लागलं असं सहसा होत नाही.

थरांच्या नाण्यात एक बाजू तांबडी दिसली की 'वरचा थर गायब' असं लोक म्हणतात. क्वार्टरमध्ये प्रत्येक बाहेरचा थर जाडीच्या साधारण एक-षष्ठांश आहे, तेव्हा थर खरंच नसेल तर वजन ४.७ ग्रॅमच्या आसपास यायला हवं. तांबडं आहे आणि वजन ५.६५ ग्रॅम? मातीने, उष्णतेने किंवा रसायनाने रंग बदललाय. विषय संपला.

---

नवा_संग्राहक

चुंबकाची चाचणी पुरेशी नाही का? चिकटलं तर एक, नाही चिकटलं तर दुसरं.

---

अर्धा_ग्रॅम

एकटी कधीच नाही, पण बाद करायला उत्तम. १९४३मध्ये युद्धामुळे तांबं वाचवायचं म्हणून अमेरिकेने जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी चकत्यांवर सेंट पाडले, वजन सुमारे २.७० ग्रॅम. मोजकेच जुन्या ब्राँझ चकत्यांवर छापले गेले, ते ३.११ ग्रॅम. बाजारात फिरणारे तांबडे १९४३ बहुतेक पोलादी सेंटवर तांब्याचा मुलामा दिलेले. चुंबकाला चिकटलं की तिथेच बाद. नाही चिकटलं तरी लगेच खरं मानू नका. १९४८मधल्या ८चा अर्धा भाग खरवडून ३ केलेलं नाणंही ब्राँझचंच असतं, वजनही बरोबर भरतं. त्याला पकडायला वर्षाचा आकडा भिंगाखालीच बघावा लागतो.

उलट बाजूचं उदाहरण: १ आणि २ युरोचा फक्त मधला गाभा चुंबकाकडे हलका ओढला जातो, कारण त्यात निकेलचा थर आहे. बाहेरचं कडं नाही. हे माहीत नसलं की चांगलं नाणं खोटं ठरतं.

---

कडेकडेने

दोन धातूंच्या नाण्यांचा विषय निघालाच आहे तर 'गाभा नसलेलं नाणं' घेऊ. गाभा ठोकून किंवा तापवून बाहेर काढता येतो, त्यामुळे नुसतं कडं हातात असणं हा पुरावा नाही. भोकाची आतली भिंत बघा. गाभ्यासकट छापलेल्या कड्याची भिंत बऱ्यापैकी सरळ असते आणि तिच्यावर गाभा अडकल्याची खूण राहते. गाभा नसताना छापलं असेल तर कड्याचा धातू मोकळ्या भोकात आत सरकतो, भोक वेडंवाकडं आणि लहान होतं, आणि भोकालगतची अक्षरं आतल्या बाजूला ओढलेली दिसतात.

गाभा काढून फिरवून परत बसवलेली नाणीही येतात. गाभ्यावरची रेषा कड्यावर पुढे चालू राहायला हवी तिथे तुटते. ठसा एकच असतो, तो गाभ्यावर एक आणि कड्यावर दुसरी दिशा छापू शकत नाही. गाभा आधीच सरकलेला असताना छापलं तर नक्षी सांध्यावरून अखंड जाते, फक्त रंगाची सीमा सरकलेली दिसते. ती खरी चूक.

---

सुलट_उलट

फिरलेल्या ठशाबद्दल एक सावधगिरी. भारतीय, ब्रिटिश आणि युरो नाण्यांत छापा सरळ धरून नाणं उभ्या अक्षाभोवती फिरवलं की काटाही सरळ येतो. अमेरिकी नाण्यात तो उलटा येतो, तिथे तोच नियम आहे. त्यामुळे '१८० अंश फिरलेला' म्हणून टाकलेलं अमेरिकी नाणं तपासायचीही गरज नसते. काही अंशांचा फरकही बहुतेक टांकसाळी चालवून घेतात. संग्राहक साधारण १५ अंशांच्या पुढेच लक्ष देतात, आणि खरी मागणी ९०च्या आसपास किंवा त्याहून जास्त फिरलेल्याला.

दोन्ही बाजूंना छापा असलेलं नाणं जवळपास नेहमी जादूच्या प्रयोगाचं असतं. एक नाणं आतून पोखरून त्यात दुसऱ्याचा पातळ चेहरा बसवतात. किनारीच्या आतल्या बाजूने भिंग फिरवा, सांधा सापडतो. चुकीची ठशांची जोडी खरंच लागते तेव्हा ती सहसा कमी नाट्यमय असते. २००८मध्ये ब्रिटनच्या २० पेन्सच्या नव्या मागच्या बाजूबरोबर जुना पुढचा ठसा लागला. वर्षाची जागा बदलली होती, त्यामुळे त्या नाण्यांवर वर्षच आलं नाही.

---

भिंगवाला

इजा झालेल्या नेहमीच्या पाहुण्यांची ओळखही करून देतो.

कपडे वाळवण्याच्या यंत्रात महिनोन्महिने अडकलेलं नाणं: व्यास लहान, किनार जाड आणि आत वळलेली, किनारीजवळची अक्षरं अर्धी झाकलेली. लोक याला चुकीच्या कॉलरमध्ये छापलेलं समजतात.

नाण्यांचे रोल बांधणाऱ्या यंत्राची खूण: किनारीच्या आत एकसारखा गोल ओरखडा, एकाच बाजूला. रोलच्या टोकाचं नाणं असतं ते.

हातोड्याने पसरवलेलं नाणं: मऊ चामड्यात ठेवून ठोकलं की नाणं मोठं होतं, अक्षरंही मोठी होतात, पण सगळं धूसर. कॉलरशिवाय छापलेलं खरं नाणंही मोठं आणि गुळगुळीत कडेचं असतं, मात्र त्याची मधली नक्षी धारदार असते आणि झळाळी किनारीपर्यंत पसरत जाते. वजन दोन्हींचं बरोबर भरतं, त्यामुळे इथे काटा काही सांगत नाही.

मुलाम्याखालचे फोड: मुलाम्याखाली वायू अडकून आलेले बुडबुडे. टाचणीने दाबले तर बसतात. टांकसाळीतूनच तसे आलेले असतात, तरी इतके सर्रास की कोणी विचारत नाही.

किनारीला चिकटलेला धातूचा गोळा: ठशाचा तुकडा तुटला की तिथे नक्षीऐवजी उंच कोरा ढेकूळ येतो, संग्राहक त्याला 'कड' म्हणतात (इंग्रजी cud, आपल्या कडेशी संबंध नाही). खरा असेल तर नेमक्या मागच्या जागची नक्षी कमकुवत असते, कारण धातू समोरची पोकळी भरायला गेला. डाख दिलेला गोळा असेल तर मागची नक्षी ठणठणीत आणि गोळ्याच्या काठाखाली मूळ अक्षर डोकावतं.

---

नवा_संग्राहक

आणि गायब अक्षरं? एका नाण्यावर वर्षाचा शेवटचा आकडाच नाही. साफ करून बघू का?

---

ठसा_आणि_चकती

साफ करू नका! घासलंत तर झळाळी जाईल आणि उत्तरही तिच्याबरोबर जाईल. तेलकटपणा किंवा चिकट प्लास्टिकचा थर असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये काचेच्या भांड्यात बुडवून ठेवा, ताज्या ॲसिटोनमधून एकदा काढा, हवेवर वाळू द्या. पुसू नका. नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही, त्यात इतर द्रव्यं असतात. खिडक्या उघड्या आणि आग लांब.

गायब आकड्याला दोनच शक्यता. ठशाच्या खाचेत वंगण आणि धूळ साचली असेल तर आकडा पुसट होत होत नाहीसा होतो, पण त्या जागेची झळाळी आजूबाजूसारखीच राहते, पातळीही तीच. कोणी खरवडला असेल तर तिथे समांतर ओरखडे आणि थोडा खळगा दिसतो. दिवा अगदी तिरका, नाण्याच्या पातळीला धरून लावा. खळगा सावलीने उघडा पडेल.

वंगणाची चूक खरी असली तरी एका आकड्यासाठी फार कोणी पैसे मोजत नाही. मागणी असते ती हातभर अंतरावरून दिसणाऱ्या चुकांना: केंद्रापासून बरंच सरकलेलं आणि तरी वर्ष दिसणारं नाणं, चुकीच्या चकतीवर छापलेलं, मोठा कड, पूर्ण ब्रॉकेज.

---

सुलट_उलट

प्रमाणपत्राला पाठवायचं असेल तर पीसीजीएस, एनजीसी आणि एएनएसीएस या नाणी तपासून प्रमाणित करणाऱ्या अमेरिकी संस्था चुका नोंदवतात. शुल्क, जाण्यायेण्याचा खर्च आणि विमा धरून हिशोब करा. छोट्या चुकांना तो परवडत नाही. आणि पाठवण्याआधी इथे फोटो टाका: दोन्ही बाजू पूर्ण, सरळ धरलेल्या, कडेचे निदान तीन फोटो, संशयित जागेचा जवळून एक. सोबत वजन दोन दशांश स्थळांपर्यंत आणि व्यास. दिवे वरून डावी-उजवीकडे, फ्लॅश बंद.

---

नवा_संग्राहक

गायब आकडा तिरक्या दिव्यात पाहिला. चार-पाच समांतर रेषा आहेत आणि खळगाही. वजन बरोबर. कडेचा फोटोही टाकू का?

---

कडेकडेने

याला नको, खरवडलेलंच आहे. त्या गालावर अक्षरं असलेल्या नाण्याच्या कडेचा टाका. शेगड्याने दातेही चेपले असतील तर पुढच्या विचारणाऱ्याला दाखवायला कामाला येईल.